चोराने दुरुस्त केलेलं घड्याळ

१

सोमवारी दुपारी जेवण आणि डुलकी झाल्यावर हे डोळे चोळत दुकानात गेले आणि दोनच मिनिटांत त्यांनी अशी हाक मारली, की मला वाटलं, पुन्हा स्वतःच्याच चष्म्यावर बसले. जाऊन पाहते तर चष्मा नाकावर होता. बोट मात्र कामाच्या टेबलाकडे होतं. टेबलावर काचेचं गोल झाकण होतं, झाकणाखाली मखमल होती, मखमलीवर घड्याळाचा दाबलेला गोल होता. घड्याळ तेवढं नव्हतं.

"गेलं," हे म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले.

आमचा धंदा आधी सांगते, नाहीतर एका घड्याळासाठी एवढा आकांत कशाला, असं वाटेल. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत खिशात ठेवायची साखळीवाली घड्याळं बनत. आता ती लोकांच्या ट्रंकांत, आजोबांच्या मोडक्या चष्म्याशेजारी पडून असतात. हे त्यांच्यातलं यंत्र बाहेर काढतात, चाक न् चाक धुतात, तुटलेलं असेल ते नव्याने घडवतात. मग माझा धाकटा भाऊ त्या मापाची नवी केस बनवतो, पाठीलाही काच लावतो, वर कातडी पट्टा चढवतो, आणि आजोबांच्या खिशातलं घड्याळ नातवाच्या मनगटावर चालायला लागतं. वर्षाला दहाबारा होतात. त्याहून जास्त होत नाहीत, कारण हे एकेका स्क्रूशी तासभर बोलत बसतात. माझ्याशी जेवताना चार वाक्यं झाली तरी पुष्कळ.

हरवलेलं घड्याळ एका डॉक्टरीणबाईंचं होतं. त्या ऑपरेशनच्या आधी भूल देतात. यंत्र त्यांच्या वडिलांच्या खिशातलं. "सेकंदकाटा चुकता कामा नये, मी त्याच्यावर नाडी मोजणार आहे," असं त्यांनी बजावलं होतं. गुरुवारी सकाळी दहाला त्या घड्याळ न्यायला येणार होत्या.

त्यात ह्यांनी त्या घड्याळावर आणखी एक ओझं टाकलं होतं. महिन्यापूर्वी कोणीतरी सहज म्हणालं, आता वय झालं, थांबा की. त्यावर हे ताडकन बोलून गेले, "हे घड्याळ बिनचूक चाललं नाही, किंवा त्याला दुसऱ्या कोणाचा हात लावायची वेळ आली, तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप!" ह्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि दुकानाला कुलूप म्हणजे हा माणूस दिवसभर घरात, माझ्या मागे मागे, एकेक डबा उघडून बघत. पण खरं सांगायचं तर भीती त्याची नव्हती. कामाशिवाय हे आतून विझले असते, आणि ते मला बघवलं नसतं.

"पोलिसांत जायचं का?" मी विचारलं.

"पोलीस पहिल्यांदा विचारणार, चोरी किती वाजता झाली. घड्याळजीला वेळ सांगता येत नाही म्हटल्यावर गावभर हसं होईल."

वेळ सांगता येत नव्हती हे खरं. जेवायला उठताना झाकणाखाली घड्याळ होतं का, हेही ह्यांना आठवत नव्हतं. दुकान पुढच्या खोलीत, घर मागे. हे दुपारी एकला जेवायला आत येतात, आणि एक म्हणजे एक. त्यासाठी मी काही युक्त्या केल्या आहेत, त्या इथे सांगत बसत नाही. जेवणानंतर खुर्चीत डुलकी. दोनपर्यंत पुढचं दार नुसतं लोटलेलं असतं. इतक्या वर्षांत त्या वेळेत मांजराखेरीज कोणी आत आलं नव्हतं.

"ताईला बोलावतो," हे म्हणाले.

त्यापेक्षा पोलीस परवडले असते.

२

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. पस्तीस वर्षं शाळेत नोकरी केली, पण शिकवण्यापेक्षा त्यांचं नाव झालं ते परीक्षेच्या वर्गावर देखरेख करण्यात. मुलं त्यांना एक्सरे म्हणायची. त्या कोणाची झडती घ्यायच्या नाहीत. नुसत्या मागे जाऊन उभ्या राहायच्या, आणि मुलगा आपण होऊन बाहीतली चिठ्ठी काढून द्यायचा. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणाच्या मागे उभं राहायला मिळत नाही, म्हणून त्या माझ्या मागे उभ्या राहतात.

मंगळवारी दुपारी वन्सं आल्या. जेवायला बसल्या, पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "भाजी लागलीय गं खाली."

"थोडी लागली, वन्सं."

"एवढ्या वर्षांत तुझी भाजी लागलेली मी पाहिली नाही."

"घरात चोरी झालीय. माझं लक्ष कुठे ठिकाणावर आहे!"

त्यावर त्यांनी लागलेली फोड पानाच्या कडेला नीट काढून ठेवली. त्यांचं न बोलणं जास्त वाईट असतं.

जेवणानंतर दुकानात चौकशी बसली. सोमवारी सकाळी दोनच माणसं आली होती, त्या दोघांना बोलावून घेतलं होतं. पहिला माझा भाऊ. वन्संनी त्याच्यापासून सुरुवात केली, कारण तो माझा भाऊ.

"तू सोमवारी कशाला आला होतास?"

"पट्ट्याचं बक्कल द्यायला, ताईसाहेब. अकराला आलो, सव्वाअकराला गेलो."

"घड्याळ पाहिलंस?"

"पाहणार नाही? केस मी केलीय. दोन महिने कानशीने घासतोय." त्याने हात पुढे केले. नखांत, रेघांत, मनगटापर्यंत पितळेचा चुरा. तो उठला तेव्हा खुर्चीवर पिवळी भुकटी होती, दाराच्या मुठीवर होती, आणि त्याने पाणी प्यायलेल्या भांड्यावरही होती. हा माणूस आमच्याकडे येऊन गेला की मी दोन दिवस फडकं मारत असते.

दुसरे आले ते जसंच्यातसं काका. हे गृहस्थ जुनी घड्याळं जमवतात, आणि वस्तू जशी मिळाली तशीच ठेवावी असं त्यांचं म्हणणं. खिशातलं घड्याळ मनगटावर बांधणं त्यांच्या मते खून आहे. दर सोमवारी बाराच्या सुमाराला येऊन ते ह्यांना खुनी म्हणतात, चहा घेतात आणि जातात.

"घड्याळ गेल्याचं ऐकून फार बरं वाटलं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "निदान ते कोणाच्या घामेजल्या मनगटावर तरी जाणार नाही."

"तुम्ही नेलंत का?" वन्संनी सरळ विचारलं.

"मनात होतं. पण त्याला पट्टा लागलेला. भ्रष्ट झालेली वस्तू मी घरात घेत नाही."

त्यांच्या कोटाला चार खिसे आणि चार साखळ्या. वन्संनी चारही घड्याळं बाहेर काढायला लावली. चारही बंद.

"चावी देत नाही?"

"बाई, चावी दिली की चाकं झिजतात!" काकांनी घड्याळं छातीशी धरली. "वीस वर्षांत एकालाही चावी दिलेली नाही."

"मग वेळ कशी कळते?"

"वाटेत कोणाला तरी विचारतो."

संध्याकाळी वन्संनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मिटून ठेवलं. हे दोन घास खाऊन उठले. मखमलीवरच्या त्या गोल ठशाकडे बघत बसलेला माणूस बघून मला भरून आलं. उद्याचा दिवस लवकर उजाडावा, असं फार वाटलं.

बुधवारी सकाळी दुकान उघडायला गेलेल्या ह्यांनी पुन्हा हाक मारली. आम्ही दोघी धावलो.

काचेच्या झाकणाखाली घड्याळ होतं, आणि ते चालत होतं.

३

कोणी आनंदाने नाचलं असतं. ह्यांनी भिंग डोळ्याला लावलं, घड्याळाच्या पाठीच्या काचेतून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"कोणीतरी आत हात घातलाय!"

"कशावरून?" वन्संनी विचारलं.

"स्प्रिंग बघ. केसाएवढी बारीक असते. आता कशी गोल, मोकळी श्वास घेतेय! एकही वळसा दुसऱ्याला चिकटत नाही."

"म्हणजे आधी चिकटत होता?"

हे भिंग पुसत म्हणाले, "मी तसं म्हटलं नाही."

"मग तू म्हणतोस काय?"

"आधी उत्तम होती. आता जास्त उत्तम आहे."

चोरी त्यांनी सहन केली असती. दुरुस्ती म्हणजे सरळ अपमान होता. चोराने घड्याळ न्यावं, मोडावं, विकावं, पण सुधारून परत ठेवावं म्हणजे काय!

मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या मोठ्या लंबकाच्या घड्याळाकडे गेलं. ते सेकंदाला बरोबर असतं. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर ह्यांचा जीव जरा खाली बसला. "हा बघा शहाणा! सात मिनिटं पुढे आहे. मोठा दुरुस्त करायला निघालाय!"

वन्संनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि वही घेऊन समोर बसल्या. नऊ वाजता ते सात मिनिटं पुढे होतं. अकरालाही सात मिनिटं. दोनला सात मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

"हे पळत नाहीये," वन्सं म्हणाल्या. "चाल अगदी बरोबर आहे. फक्त लावताना सात मिनिटं पुढे लावलंय. हाताळताना चुकून चावी फिरली असेल?"

"शक्यच नाही," हे म्हणाले. यंत्राची बाजू घ्यायची वेळ आली की हे रुसवा विसरतात. "ही तिकडच्या रेल्वेवाल्यांसाठी केलेली जात आहे. चावीने फक्त आतली मोठी स्प्रिंग भरते, काटे हलत नाहीत. काटे फिरवायचे तर पुढची काच उघडायची, कडेला लपलेली बारीकशी खिट्टी नखाने बाहेर ओढायची आणि मग फिरवायचे. चुकून वेळ बदलून गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून ही सोय."

"म्हणजे चोराने मुद्दाम, खिट्टी ओढून, सात मिनिटं पुढे लावलं?"

"वेडा असेल."

"वेड्याच्या हातून स्प्रिंग गोल होत नाही," वन्सं म्हणाल्या. "पाठ उघड."

ह्यांनी पाठ उघडली. वन्संनी भिंग घेतलं आणि पेपर तपासावा तशा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेल्या. पितळेचा चुरा कुठे नव्हता. एका स्क्रूच्या खाचेत मात्र पांढरट कण होता. टाचणीने काढून त्यांनी तो ओल्या बोटावर घेतला. कण मऊ झाला.

"तू धूळ कशाने टिपतोस?"

"हिरवी पुट्टी असते. ही ती नाही."

"नाहीच," वन्सं म्हणाल्या. "तुझी नोंदवही दाखव. रोज घड्याळ किती चुकतं ते तू लिहितोस ना?"

ह्यांनी वही दिली, पण हात जरा मागे ओढत दिली. वन्संनी पान उघडलं आणि चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. बाहीतली चिठ्ठी निघायची वेळ झाली होती.

४

"शेवटच्या आठ दिवसांचे आकडे तू एका बैठकीत लिहिलेस," वन्सं म्हणाल्या.

"काहीतरीच काय!"

"मागच्या पानांवर रोजची शाई वेगळी, रोजचं अक्षर वेगळं. या आठ ओळी एकाच पेनाने, एकाच दमात. दोन सेकंद, एक सेकंद, दोन सेकंद. प्रयोग न करता निष्कर्ष लिहिणारी पोरं अशीच लिहायची. घड्याळ खरं किती चुकत होतं?"

हे अगदी हळू म्हणाले, "दिवसाला वीस मिनिटं पुढे."

"का?"

"स्प्रिंग बसवताना वाकली. हात..." त्यांनी उजवा हात टेबलाखाली नेला. "थंडी होती त्या दिवशी."

त्या दिवशी पंखा चालू होता. पण वन्संनी तो मुद्दा सोडून दिला. पस्तीस वर्षांत त्यांनी एखाद्याला सोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"चहा टाकते," मी म्हणाले आणि आत आले.

पातेलं ठेवलं, साखर शोधू लागले. साखर समोरच होती. मागे पावलं वाजली नाहीत, पण कोणीतरी मागे उभं आहे हे मानेला कळलं. वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात वन्सं. हातात डॉक्टरीणबाईंचं घड्याळ. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग फ्रिजच्या वर भिंतीवर टांगलेलं प्लास्टिकचं घड्याळ पाहिलं, मग पुन्हा हातातलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "तुझं हे घड्याळ किती पुढे आहे?"

५

वन्संनी ह्यांना आत बोलावलं. हे स्वयंपाकघरात येतात ते फक्त पानावर बसायला, त्यामुळे कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना.

"नीट ऐक," वन्सं म्हणाल्या. "तुझा मेहुणा नाही. तो शिवला असता तर यंत्रात पितळ सांडलं असतं. ते जसंच्यातसंवाले नाहीत. ते कशालाही चावी देत नाहीत, आणि हे घड्याळ चावी भरून परत आलं. शिवाय त्यांनी दुरुस्त कशाला केलं असतं? आता मला सांग, घड्याळ आजारी आहे हे तू कोणाला सांगितलं होतंस?"

"कोणालाच नाही."

"म्हणजे चोर असा, की ज्याला तू न सांगता कळतं. त्याला खिट्टी कुठे असते ते ठाऊक. त्याच्याकडे हिरवी पुट्टी नाही, पण धूळ टिपायला मळलेल्या कणकेची गोळी आहे. काम करताना चुलीवरची भाजी लागते. आणि ज्या घड्याळाकडे बघून त्याने वेळ लावली, ते सात मिनिटं पुढे आहे. वर बघ."

हे वर बघेनात. "ते बॅटरीचं आहे. मी त्याच्याकडे बघत नाही."

"किती वर्षं?"

"आणल्यापासून. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला मी घड्याळ म्हणत नाही."

"बघ म्हणते ना!"

ह्यांनी पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाटे दोन्हीकडे एकदमच फिरत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी चहाकडे.

आता कबूल करते. मी वरती एकही शब्द खोटा लिहिलेला नाही, काही शब्द फक्त लिहिले नाहीत.

"तुम्हाला जेवायला हाक मारली की तुम्ही 'आलोच' म्हणता," मी म्हणाले, "आणि त्यानंतर स्टुलावरून उठायला तुम्हाला बरोबर सात मिनिटं लागतात. लग्न झाल्यापासून. म्हणून हे घड्याळ मी सात मिनिटं पुढे ठेवलं. याच्यात एक वाजला की हाक मारते, तुम्ही खऱ्या एकाला येता. माझा सगळा दिवस याच घड्याळावर चालतो. हे पुढे आहे, ही गोष्टच मी विसरून गेले होते."

"पण तू... स्प्रिंग?"

"तीस वर्षं तुमच्या शेजारी बसून चिमटे हातात देतेय. डोळे मिटून दिले का? तुम्ही फिरायला गेलात की मोडीतली यंत्रं घेऊन बसते. चारशे वेळा स्प्रिंग वाकवलीय आणि सरळ केलीय. सोमवारी दुपारी तुम्ही जुनी पार्सलं सोडायला बसता, झाकणाकडे संध्याकाळपर्यंत बघत नाही. तेवढ्यात होईल वाटलं. पण तुम्ही लगेच बघितलंत, आणि कामही तेवढ्यात झालं नाही. तुमची दोन दिवस झोप उडाली, त्याचं मला फार वाईट वाटतंय. पण सांगितलं असतं तर तुम्ही कुलूप लावलं असतं."

"आणि कशाने केलंस?"

"भुवयांच्या चिमट्याने."

ह्यांनी डोळे मिटले. त्यांना चिमट्याचा धक्का बाकी सगळ्याहून मोठा बसला असावा.

"तुझा हात हलतो, हे तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच दुरुस्ती केली. "माझा हात."

"गेल्या वर्षी. चहाच्या बशीचा आवाज यायला लागला तेव्हा."

चहा उतू गेला. वन्संनी गॅस बंद केला.

"पण मी शब्द दिलाय," हे शेवटी म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा हात लागला तर कुलूप."

"दुसऱ्या कोणाचा," वन्सं म्हणाल्या. "ही दुसरी कोणी आहे का रे? तीस वर्षं हिच्या हातचं जेवतोस, हिने शोधलेला चष्मा घालतोस. हिचा हात दुसरा कधीपासून झाला?"

माझ्या नणंदेने माझी बाजू घेतल्याची ही पहिलीच वेळ. तारीख मी लिहून ठेवली आहे.

हे उठून दुकानात गेले. मला वाटलं, कुलूप शोधताहेत. मग हाक आली. मी गेले तर त्यांनी तबकडी काढून ठेवली होती. तिच्या खाली, यंत्राच्या पत्र्यावर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे असतात. शंभर वर्षांत ज्या ज्या घड्याळजीने ते यंत्र उघडलं, त्याने आपली खूण तिथे कोरलेली असते. आठ खुणा होत्या. शेवटची ह्यांची, एक तिरकी रेघ आणि टिंब.

ते स्टुलावरून उठले, मला बसवलं आणि कोरायची सुई माझ्या हातात दिली. "ज्याने काम केलं त्याची खूण राहते," ते म्हणाले. "हा नियम आहे."

मला खूण कुठून असणार? मी थोडा विचार केला आणि ह्यांच्या टिंबाशेजारी छोटासा ७ काढला. हात अजिबात हलला नाही. डोळे मात्र भरून आले, म्हणून भिंग काढून पुसावं लागलं. मग तबकडी बसवली, खिट्टी ओढली आणि भिंतीवरच्या लंबकाकडे बघून वेळ लावली. हे मागे उभे होते, पण एकदाही मध्ये बोलले नाहीत. त्यासाठी त्यांना किती कष्ट पडले, ते त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

गुरुवारी दहाला डॉक्टरीणबाई आल्या. घड्याळ कानाला लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मनगटावर बांधून त्यांनी ह्यांचीच नाडी धरली आणि मिनिटभर मोजली. "घड्याळ छान आहे, तुम्ही मात्र घाबरलेले दिसता," त्या हसून म्हणाल्या. "काम सुरेख झालंय. स्वतः केलंत ना?"

"आम्ही केलं," हे म्हणाले, आणि स्टूल जरा बाजूला सरकवून त्यांनी मला पुढे घेतलं.

त्या गेल्यावर ह्यांनी पुढचं पार्सल उघडलं. आत गंजलेलं एक यंत्र होतं. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो, एकच दिवा, एकच भिंग, आणि कोणाची पाळी यावरून थोडं भांडण. किती वेळ गेला ते कळलं नाही.

"अगं ए, एक वाजला! पानं वाढलीत!" आतून वन्संनी हाक मारली.

"आलोच," आम्ही दोघं एकदम म्हणालो, आणि कोणीच उठलं नाही.